मेन्स्ट्रुअल कप अर्धा रिकामा असूनही गळतो, आणि काढताना रक्ताची शिसारी येते. नेमकं काय करावं?

अबोली

पाळीसाठी सिलिकॉनचा कप वापरते आहे. सूचनापत्रक वाचून झालंय. सी-घडी (कप चपटा करून अर्ध्यात दुमडणं) आणि पंच-डाऊन घडी (कड एका बाजूने बोटाने आत दाबणं) दोन्ही जमतात, कप आत जातो, दुखत नाही. तरी दोन ठिकाणी घोडं अडलंय.

एक म्हणजे गळती. दोन-तीन तासांत डाग पडतो, आणि कप काढून बघावा तर तो अर्धासुद्धा भरलेला नसतो. मोठ्या साइजचा घ्यावा का?

दुसरं म्हणजे किळस. पॅड गुंडाळून टाकताना रक्ताकडे नीट बघावं लागत नाही. कपात ते डोळ्यांसमोर साठलेलं असतं, बोटांनाही लागतं. काढायची वेळ आली की हात आखडतो, मग घाईत ओढला जातो, सांडतो, आणि पुढच्या वेळी आणखीच नकोसं होतं. कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. 'होईल हळूहळू सवय' हे ऐकून झालंय. ती सवय व्हावी म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने, हे कुणी सांगेल का?

शिवाय दांडी टोचते. ती कापली तर चालते का?

रानवारा

अबोली, साइज बदलायची घाई करू नकोस. कप काठोकाठ भरून वाहत असता तर साइजचा प्रश्न होता. अर्धा रिकामा कप आणि तरीही डाग, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की रक्त कपात पडतच नाही, बाजूने उतरतंय. याची कारणं मोजकी आहेत आणि जवळजवळ सगळी बोटाने तपासता येतात.

आधी गर्भाशयमुख शोध. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले हवेत. उकिडवं बसून तर्जनी आत घाल. योनीमार्ग सरळ वर जात नाही, मागे माकडहाडाच्या दिशेने तिरका जातो, म्हणून बोटही त्याच दिशेने जाऊ दे. भिंती मऊ आणि सुरकुतलेल्या लागतील. त्यांच्या टोकाशी एक गोल, घट्टसर उंचवटा लागेल, नाकाच्या शेंड्याइतका टणक, मधे बारीकसा खळगा असलेला. ते गर्भाशयमुख. दोन गोष्टी लक्षात ठेव. ते बोटाच्या कितव्या पेराशी लागलं, आणि मधोमध आहे की एका बाजूला किंवा मागे कललेलं आहे.

एका पेरावरच लागलं तर ते खाली आहे, दोन पेरांवर लागलं तर मध्यम, आणि अख्खं बोट घालूनही जेमतेम लागत असेल तर वर आहे. पाळीच्या दिवसांतही ते खालीवर होतं, म्हणून पहिल्या दिवशी एकदा आणि तिसऱ्या दिवशी एकदा असं दोनदा बघ. फक्त कोरड्या दिवसांत मोजून कप निवडला की पाळीत तो लांब पडतो. दांडी टोचण्याचंही हेच नेहमीचं कारण आहे.

आता मुख्य चूक. बहुतेकजणी कप सरळ वर ढकलतात आणि जमेल तितका आत सारतात. गर्भाशयमुख मागे किंवा बाजूला असेल तर कपाची कड त्याच्या पुढून निघून जाते आणि ते कडेच्या बाहेर, भिंतीशी दबून राहतं. कप आत छान उघडलेला असतो, पकडही धरतो, पण रक्त त्याच्या बाहेरून खाली येतं. तुझं वर्णन याच्याशी सगळ्यात जास्त जुळतंय.

उपाय असा. घडी घातलेला कप ओला कर, माकडहाडाच्या दिशेने घाल आणि पूर्ण वर न नेता खालीच उघडू दे. उघडल्यावर बूड चिमटीत धरून हलकेच आत सार, म्हणजे गर्भाशयमुख वरून कपाच्या तोंडात येईल. मग एक बोट कपाच्या बाजूने वर नेऊन कडेभोवती फिरव. तो टणक उंचवटा कडेच्या बाहेर कुठेच लागता कामा नये. बाहेर लागला तर बूड दाबून कप थोडा खाली घे, दिशा बदलून पुन्हा वर सार.

दुसरं कारण, घडी पूर्ण न उघडणं. बुडाभोवती बोट फिरवून बघ, सगळीकडून गोल लागलं पाहिजे. खोबण लागली तर तिथे घडी अडकली आहे. बूड धरून कप अर्धा-पाऊण वळसा फिरव, किंवा खोबणीच्या बाजूची योनीची भिंत बोटाने बाहेरच्या बाजूला ढकल, म्हणजे हवा शिरून कप उघडतो. दांडी धरून फिरवू नकोस, त्याने नुसती दांडी पिळली जाते. बसला की बूड किंचित खाली ओढून बघ. जागच्या जागी अडल्यासारखं वाटलं की पकड धरली.

तिसरं, कडेखालची बारीक छिद्रं. पकड धरताना आणि सोडताना हवा त्यांतूनच जाते. ती बुजलेली असली तर पकड कच्ची राहते. कप पाण्याने भरून, तोंडावर तळवा दाबून उलटा कर आणि पिळ, छिद्रांतून पाण्याच्या बारीक धारा उडाल्या पाहिजेत. सुई किंवा टाचणी घालू नकोस, छिद्र फाटतं. दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश त्यासाठीच वेगळा ठेवला तर चालतो.

एक अपवाद आहे, तोही तपासून घे. गर्भाशयमुख खाली असेल तर ते कपाच्या आतच येऊन बसतं आणि जागा व्यापतं. मग २५ मिलीच्या कपात १२-१५ मिलीच मावतं आणि कप अर्धा दिसत असतानाच वाहतो. त्यासाठी जास्त लांब नाही, जास्त रुंद आणि घंटेच्या आकाराचा कप लागतो. आणि छापलेली क्षमता कधी कधी काठापर्यंतची असते, वापरातली क्षमता छिद्रांपर्यंतचीच धरायची.

शौचाचं विसरू नकोस. मोठं आतडं योनीच्या मागच्या भिंतीला चिकटून असतं. ते भरलेलं असलं की कप चेपला जातो, आणि शौचाला जोर लावला की कप खाली सरकतो. शौचाहून आल्यावर हात धुऊन एकदा बूड चाचपायचं.

आणि प्रत्येक डाग म्हणजे गळती नव्हे. कप घालताना भिंतीला लागलेलं रक्त नंतर अर्धा-पाऊण तास खाली येत राहतं. कप बसवल्यावर ओल्या बोटाने कपाखालची भिंत एकदा पुसून काढली की तो डाग पडत नाही.

दांडी कापता येते, पण ज्या कपांची दांडी पोकळ असते त्यांची सूचना आधी वाच. कप बाहेर काढूनच कापायची, थोडी थोडी, बुडापासून २-३ मिमी सोडून. तिरकी कापली तर कोपरा टोचतो, म्हणून सरळ कापून टोक नखाच्या कानशीने गुळगुळीत करायचं. मात्र कप काढताना बुडाला सहज हात लागायला लागेपर्यंत थांब, तोवर दांडीचा आधार लागतो.

कवडसा

गळतीचं रानवाराने सांगितलंच आहे, मी किळसेबद्दल लिहिते. याकडे बरेचजण 'मनाचा कमकुवतपणा' म्हणून बघतात, ते साफ चुकीचं आहे. शरीरातून बाहेर आलेल्या कुठल्याही द्रवाची किळस येणं हा उपजत बचाव आहे. तो वाद घालून जात नाही, सरावाने उतरतो, आणि भीतीपेक्षा सावकाश उतरतो. भीती काही वेळा सामोरं गेलं की कमी झालेली जाणवते, किळसेला त्याहून जास्त वेळा लागतात. हे आधी माहीत असलं की 'मला जमतच नाही' असं वाटून मधेच सोडून दिलं जात नाही.

कपात जे दिसतं ते निव्वळ रक्त नसतं. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे, गर्भाशयमुखाचा चिकट स्राव आणि योनीतला स्राव मिसळलेला असतो, म्हणून ते कधी बुळबुळीत, कधी तंतूदार, कधी दाट दिसतं. तपकिरी रंग म्हणजे ते आत जास्त वेळ राहिलं आणि त्यातल्या लोहाचं ऑक्सिडेशन झालं. अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. ५ ते ८० मिली हे सर्वसाधारण मानतात. कपात एका वेळी १० मिली म्हणजे दोन चहाचे चमचे. पॅडवर तेवढंच पसरतं म्हणून खूप वाटतं. वासाचंही तसंच. पॅडवर रक्त हवेत, उबेत तासन्‌तास राहतं, जिवाणू ते मोडतात, त्याचा तो वास. ताज्या कपाला फारतर लोखंडासारखा हलका वास येतो. कपाला कुजका किंवा माशासारखा वास आला तर ती किळसेची बाब नाही, संसर्गाची आहे, तपासून घ्यायची.

आता क्रम. पायरी सहज वाटायला लागल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही.

पाळी नसताना कप हातात घेऊन घडी घालणं, सोडणं, बूड दाबणं, एवढंच. मग कपात १५ मिली पाणी घेऊन तो कमोडवर चिमटीत धरून तिरका करत ओतायचा. पाण्यात थोडा लाल रंग घातलास तर आणखी बरं. सांडतं ते मनगट वळताना सांडतं, आणि ते मनगट पाण्यावर शिकवून ठेवता येतं. खरा कप काढताना मग हाताला नवीन काही करायचं नसतं.

पाळी आली की पहिले काही वेळा कप फक्त आंघोळ करताना काढायचा, उकिडवं बसून, पाणी अंगावर चालू ठेवून. सांडलं तरी वाहून जातं, बोटं लगेच धुतली जातात. हे सहज झालं की कमोडवर यायचं. सुरुवातीला ओतताना कपाकडे न बघता कमोडमधल्या पाण्याकडे बघितलंस तरी चालेल. बघणं ही वेगळी पायरी आहे, तिला तिच्या वेळी घेऊ.

मग स्पर्श. रिकाम्या, न धुतलेल्या कपाच्या आतून एक बोट फिरवायचं, बोटावरचं रक्त अंगठ्याने चोळायचं आणि लगेच नळाखाली न धावता अर्धा मिनिट थांबायचं. या अर्ध्या मिनिटातच काम होतं. शिसारी वर चढते, टिकते आणि धुण्याआधीच थोडी उतरायला लागते. दर वेळी ताबडतोब धुतलं तर मेंदू 'धुतलं म्हणून वाचले' एवढंच शिकतो. अर्धा मिनिट जमलं की एक मिनिट.

सगळ्यात शेवटी बघणं. कप उजेडात धरून आतल्या खुणेपर्यंत किती आहे ते वाचायचं आणि लिहून ठेवायचं. आकडा वाचायचा असला की नजर खुणेवर जाते, रक्ताकडे टक लावून बघावं लागत नाही, आणि नोंद पुढे उपयोगी पडते.

हातमोजे घालून सुरुवात करायला हरकत नाही, पण त्यांनी बूड निसटतं आणि पायरी लांबते. एका पाळीनंतर सोडून द्यावेत.

एक गोष्ट मात्र उलटी धरली जाते. किळस वाटते म्हणून सगळा जोर कप काढल्यावर हात धुण्यावर असतो. तुझंच रक्त तुझ्याच बोटांना लागलं तर त्यातून काही होत नाही. बाहेरचे जिवाणू बोटांवरून आत जातात त्याने होतं. म्हणून साबणाने चोळून हात धुवायचे ते कपाला हात लावण्याआधी, २० सेकंद, नखांच्या कडांसकट.

अबोली

खूप नेमकं मिळालं, दोघींचे आभार. बोटाने तपासलं, गर्भाशयमुख मागे आणि उजवीकडे आहे, म्हणजे कप त्याच्या पुढेच बसत असणार. अंधारी येण्याबद्दल कुणी सांगेल का? काढताना आतून ओढ बसते तेव्हाच बहुतेक वेळा येते. कप आत हरवण्याची धास्तीही आहेच.

जलपर्णी

धास्ती आधी काढून टाकू. कप हरवू शकत नाही. योनीमार्ग वरच्या टोकाला बंद आहे, गर्भाशयमुखाचं तोंड काही मिलीमीटरचं असतं, त्यातून कप पलीकडे जात नाही. वर सरकून हाताला न लागणं एवढंच होऊ शकतं. तसं झालं तर घाबरून खेचाखेची करायची नाही, कारण घाबरलं की ओटीपोटाचे स्नायू आवळले जातात आणि कप आणखी वर धरून ठेवतात. अर्धा तास इकडेतिकडे फिरून ये, मग उकिडवं बसून हलकेच कुंथ, कप खाली येतो. इतकं करूनही पत्रकात दिलेली कमाल वेळ उलटत असेल तर डॉक्टरांकडे जा. त्यांच्यासाठी ते मिनिटभराचं काम आहे.

काढायची पद्धत अशी. उकिडवं बस. श्वास सोडत अगदी हलका जोर दे, दांडी हाताला लागली की तिच्या आधाराने बोटं बुडापर्यंत ने. दांडी ओढायची नाही. पकड धरलेला कप ओढला की गर्भाशयमुखच खाली ओढलं जातं, तुला जाणवते ती ओढ हीच. बूड तर्जनी आणि अंगठ्यात घट्ट दाब आणि दाबून धर. कधी 'फुस्स' असा बारीक आवाज येतो, म्हणजे हवा शिरली. आवाज आला नाही तर एक बोट कपाच्या कडेपर्यंत वर नेऊन कड आत दाब. पकड सुटल्यावर कप डावी-उजवीकडे हलवत खाली आण, आणि तोंडाशी आला की थोडा तिरका करून कडेची एक बाजू आधी बाहेर काढ. सगळा एकदम ओढला तर कडेचा रुंद भाग दुखवतो आणि उघडताना झटक्याने सांडतं. जोर सुरुवातीलाच द्यायचा, कप हाती आल्यावर कुंथत राहायचं नाही. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरल्याचं निदान असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरूच नये.

अंधारीबद्दल. रक्त बघून किंवा गर्भाशयमुखाला ओढ बसून येणारी ही प्रतिक्रिया शरीराची आहे. नाडीचा वेग आणि रक्तदाब अचानक उतरतो, मेंदूला रक्त कमी पोचतं. इथे 'शांत हो, अंग सैल सोड' हा सल्ला उलट अपाय करतो, अंग सैल सोडलं की दाब आणखी उतरतो. करायचं ते उलटं. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले नाहीत, नेहमीच्या स्थितीत. असं पाच वेळा. कपाला हात लावण्याआधी करायचं. काढायच्या क्षणी मात्र पोट आणि ओटीपोट सैल ठेवून हात-मांड्या तेवढ्या आवळायच्या. आधी आठवडाभर रोज एकदा कोरडा सराव केला तर ऐन वेळी आठवतं.

उभ्याने कप काढू नकोस, आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावायचं काही दिवस टाळ. अंधारी आली की लगेच आडवं होऊन पाय वर. बेशुद्ध पडायची वेळ येत असेल, किंवा पाळीखेरीज इतर वेळीही असं होत असेल, तर रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हवं.

तगर

सराव कोरड्या दिवसांत करू नये असं वाचलंय. कवडसा तर पाळी नसतानाच सुरुवात करायला सांगतात. शिवाय संभोगाचा अनुभव नसेल तर कप चालतो का?

कवडसा

माझ्या पायऱ्यांत पाळी नसताना कप फक्त हातात आहे, आत नाही. कोरड्या दिवसांत भिंती कोरड्या असतात, सिलिकॉन ओढत जातं, दुखतं, आणि ते दुखणं डोक्यात बसतं. आत घालायचा सराव दुसऱ्या दिवशी, जेव्हा अंगावरून भरपूर जात असतं, तेव्हाच सोपा जातो. आधी करायचाच असेल तर पाण्यावर आधारित वंगण लाव. सिलिकॉनच्या कपाला सिलिकॉनचं वंगण लावायचं नाही, पृष्ठभाग चिकट होतो. तेल आणि व्हॅसलीनही नको.

संभोगाचा अनुभव नसला तरी कप वापरता येतो. योनिपटल म्हणजे तोंडाशी असलेली लवचिक घडी, तिला उघडं तोंड असतंच, म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. कपाने ती ताणली जाऊ शकते, कधी किंचित फाटूही शकते, आणि वैद्यकीयदृष्ट्या तिच्यावरून कुणाच्या संभोगाबद्दल काहीच ठरत नाही. लहान, मऊ कप आणि पंच-डाऊन घडी घे, तिचं टोक सगळ्यात निमुळतं असतं. मात्र बोट घालताना तोंडाशी आडवी-उभी मांसल पट्टी लागत असेल, किंवा बोट शिरतानाच स्नायू आपोआप घट्ट आवळून दुखत असेल, तर जबरदस्ती करू नकोस. दोन्हींवर उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव.

मृद्गंध

स्वच्छता आणि धोक्याच्या खुणा राहिल्या आहेत, त्या लिहिते. इथे ढिलाई चालत नाही.

पहिल्या वापराआधी आणि प्रत्येक पाळीच्या आधी-नंतर कप भरपूर पाण्यात ५ ते १० मिनिटं उकळायचा. पातेल्याच्या बुडाला टेकला तर सिलिकॉन जळतं, म्हणून तो फेटणीच्या तारांत अडकवून सोडायचा. गॅस लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, पाणी आटून कप जळण्याचे प्रकार असेच होतात. पाळी चालू असताना प्रत्येक वेळी आधी थंड पाण्याने धुवायचा, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं चिकटून डाग आणि वास राहतो. मग बिनवासाचा सौम्य साबण, आणि साबणाचा अंशही उरणार नाही इतकं पाणी. जंतुनाशक, ब्लीच, व्हिनेगर यांपैकी काही नको. सुकल्यावर कापडी पिशवीत ठेवायचा. हवाबंद डबीत ओल धरते.

कप पिवळा-तपकिरी पडला तर तो खराब झाला असं नाही. पृष्ठभाग चिकट झाला, भुकटी सुटायला लागली, चीर पडली किंवा उकळूनही वास गेला नाही, तर बदलायचा. चिरेत जिवाणूंचा थर बसतो, तो धुऊन निघत नाही.

आत ठेवायची वेळ कपागणिक ८ ते १२ तास दिलेली असते. पत्रकात असेल ती कमाल मर्यादा, अंगावरून कमी जात असलं तरी. टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जिवाणूंच्या विषाने होणारा, जिवावर बेतू शकणारा आजार) टॅम्पॉनमुळेच, म्हणजे आत घालायच्या कापसाच्या बोळ्यामुळेच होतो, कपाने नाही, असं बरंच पसरलंय. ते खरं नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा, ३,३१९ सहभागींचा आढावा आला होता, त्यात कप वापरल्यानंतरची अशी ५ प्रकरणं नोंदली आहेत. म्हणजे फार क्वचित, पण शून्य नाही. लक्षणं ओळखता आली पाहिजेत: एकाएकी ३९ अंशांच्या आसपास ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी लाली, गरगर. कप काढायचा आणि थेट रुग्णालयात जायचं, पाळी चालू आहे आणि कप वापरत होते हे आवर्जून सांगायचं. एकदा हा आजार होऊन गेलेल्यांनी कप वापरू नये.

दोन कप आलटून पालटून वापरणं मला सगळ्यात बरं वाटतं. एक आत असताना दुसरा उकळून तयार.

तांबी बसवलेली असेल तर बसवणाऱ्या डॉक्टरांना कपाबद्दल आधी सांगायचं. त्याच आढाव्यात कप वापरणाऱ्या १३ जणींची गर्भाशयातली साधनं जागेवरून हलल्याची नोंद आहे, ती साधन बसवल्यापासून १ आठवडा ते १३ महिन्यांच्या काळातली. पकड न सोडता कप ओढला तर ओढ लागते, आणि चिमटीत तांबीचा दोराही येऊ शकतो. दोरा आखूड कापून घेता येतो. दोरा एकदम लांब लागायला लागला किंवा लागेनासा झाला, तर तपासणी होईपर्यंत दुसरं गर्भनिरोधक वापरायचं.

बाळंतपणानंतर निदान ६ आठवडे आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत कप नाही. गर्भपात किंवा योनीमार्गाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नाही. योनीत खाज, जळजळ, दह्यासारखं पांढरं जाणं असेल तर बरं होईपर्यंत पॅड, आणि कप उकळल्याशिवाय पुन्हा घालायचा नाही. कप आत असताना लघवीची धार बारीक होत असेल तर तो जागा बदलून थोडा खाली बसवून बघ, तरीही तेच झालं तर मऊ कप घे. कमरेच्या एका बाजूला कळा येत असतील तर कप काढून दाखवायला जायचं. मूत्रवाहिनीवर दाब पडून मूत्रपिंड फुगल्याची थोडी प्रकरणं नोंदलेली आहेत, दुर्मीळ आहेत, पण दुखणं अंगावर काढू नये.

रानवारा

अबोली, मागे आणि उजवीकडे असेल तर कप घालताना टोक किंचित उजवीकडे वळवून मागे सार, आणि शेवटचं बोट उजव्या बाजूने फिरवून खात्री कर. बसलेला कप पाळीभर त्याच जागी राहील असं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा चाचपून बघ.

घराबाहेर कप रिकामा करायची वेळ आली तर हात धुऊनच आत जायचं, नुसते नंतर धुऊन भागत नाही. ओतल्यावर सोबतच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी कपावरून ओतायचं, तेही नसेल तर स्वच्छ टिश्यूने पुसून परत घालायचा आणि घरी आल्यावर नीट धुवायचा. कप कमोडमध्ये पडला तर तिथल्या तिथे धुऊन घालायचा नाही. पॅड लावायचं, घरी साबणाने धुऊन पूर्ण १० मिनिटं उकळायचा. सार्वजनिक संडासात पडला असेल तर मी तो टाकूनच द्यायला सांगेन.

कवडसाने नोंदीचं सांगितलं त्यात भर. प्रत्येक वेळचे मिली आणि वेळ लिहून पाळी संपल्यावर बेरीज करायची. ८० मिलीच्या वर जात असेल, २५-३० मिलीचा कप दर दोन तासांनी भरत असेल, किंवा अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला सांग. हिमोग्लोबिन उतरायच्या आधी शरीरातला लोहाचा साठा संपतो, तो फेरिटिनमध्ये दिसतो.